ओहोटीतली चार मिनिटं

हे मी जसं आठवतं तसं सांगतो. जसं घडलं तसं, असं म्हणायची माझी हिंमत नाही.

छाया माझ्याकडे आली ती एका सहीसाठी. उत्तरायण होऊन चार दिवस झाले होते. सुरतेतल्या पर्वत पाटिया भागात, आमच्या इमारतीसमोरच्या तारांवर तुटलेले पतंग अजून लोंबत होते. येताना तिनं कोवळ्या पोंकाची, म्हणजे ज्वारीच्या हुरड्याची, पिशवी आणली होती, सोबत लिंबूमिरीची शेव. "पप्पा दर हिवाळ्यात तुमच्याकडे पाठवायचे ना, म्हणून," असं म्हणाली. मग पर्समधून एक फाइल काढून तिनं माझ्यासमोर ठेवली.

छाया ही हेमराज बडगुजरची मुलगी. हेमराज अमळनेरकडचा, कोसाडच्या वसाहतीत राहायचा आणि इच्छापोरला एका कारखान्यात कंत्राटावर फिटर होता. शाळा नववीपर्यंत. मी पोपट सपकाळे, चाळीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलेला माणूस. पक्ष्यांवर पीएच.डी. केलेल्याचं नाव पोपट, यावर विद्यार्थ्यांच्या कितीतरी तुकड्या हसल्या. हेमराज एकदाच हसला आणि म्हणाला, "सर, नाव बरं शे तुम्हनं. मना बाप माले गाढव म्हणे, मी कोठे तक्रार करू?" नऊ हिवाळे आम्ही दोघांनी मोटाकांठ्याच्या खाजणात पक्षी मोजले. पुस्तकं माझी होती, कान त्याचे. डोळे मिटून तो सांगायचा, हा तुतवार, हा कुरव, आणि हा तुम्हाला माहीत नाही तो.

सात वर्षांपूर्वी जानेवारीतच, एका धुक्याच्या सकाळी, तो त्या चिखलावर गेला आणि परत आला नाही. तीन दिवस होड्या फिरल्या. देह मिळाला नाही.

"सात वर्षं झाली की कोर्ट माणूस गेला असं मानतं," छाया म्हणाली. "वकील म्हणतो, शेवटचं बघणारे तुम्ही, तर तुमचं सोगंदनामं लागेल. मम्मी अजून टिकली लावते, काका. रोज रात्री दोन भाकरी जास्त करते. कागद हातात आला तर थांबेल, असं मला वाटतं."

मी प्रतिज्ञापत्राचा तो कागद वाचला. नवीन काही नव्हतं. सात वर्षांपूर्वी मीच पोलिसांना दिलेला जबाब वकिलानं नीट टाइप केला होता. त्यातलं एक वाक्य असं: 'मी बांधावरून, एकाच जागी उभा राहून, अखंड थाळी वाजवत होतो.'

थाळीचं सांगायला हवं. आमच्याकडच्या खाडीत भरती चालत येत नाही, धावत येते. ओहोटीला मैलभर चिखल उघडा पडतो. किनाऱ्यावरची माणसं खेकडे आणि चिखलातल्या निवट्या मासोळ्या पकडायला त्यावर जातात. धुकं उतरलं की घरातलं कोणीतरी बांधावर उभं राहून काशाची थाळी वाजवतं, आणि चिखलावरचा माणूस त्या आवाजाकडे तोंड करून चालत राहतो. नियम एकच. माणूस बांधाला लागेपर्यंत थाळी थांबवायची नाही, आणि जागा सोडायची नाही. आम्ही पक्षी मोजणाऱ्यांनीही तोच नियम उचलला होता. एक जण समुद्राकडच्या शिंपल्यांच्या उंचवट्यावरून मोजायचा, दुसरा बांधावरून, आणि धुकं आलं तर बांधावरच्यानं थाळी घ्यायची.

"माझा चष्मा सापडत नाही," मी म्हणालो.

"नाकावर आहे, काका."

मी पेन उचललं आणि पुन्हा ठेवलं. तिनं ते पाहिलं, पण तिला वाटलं मला भरून आलंय.

"एक सांगू? सही नंतर करा," ती म्हणाली. "आधी मला ती जागा दाखवा. मम्मीनं कधी जाऊ दिलं नाही. कागदावर 'गेले' असं लिहायचं तर कुठून गेले ते तरी बघू दे."

माझे गुडघे बरे नाहीत. डावा कान पूर्ण गेला आहे, उजव्यात यंत्र आहे. मी नाही म्हणायला हवं होतं. हो म्हणालो, कारण त्यामुळे सही दोन दिवस पुढे जात होती. कारण एवढंच होतं.

मोटाकांठा आता पक्ष्यांचं आश्रयस्थान झालं आहे. इच्छापोर मागे टाकून, कारखान्यांच्या चिमण्या उजव्या हाताला ठेवून कच्च्या रस्त्यानं गेलं की तिकिटाची खिडकी लागते. बांधावर लाकडी मचाण आहे, सिमेंटचा रोहित पक्षी आहे आणि त्याच्या पायाशी उभं राहून फोटो काढणारी माणसं. त्या सकाळी शाळेची एक सहल आली होती. मचाणावर मुलं एकाच दुर्बिणीसाठी भांडत होती आणि बाई ओरडत होत्या, "अरे, पक्षी उडून जातील, हळू बोला ना!"

तिथला राखणदार लोटू. तोही खानदेशी आणि कोसाडचाच, साठीचा, अंगाने काटकुळा. त्यानं छायाला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"हेमराजनी पोर शे का ही? नाक त्यानंच शे." मग माझ्याकडे वळून, "सर, तुम्हले गुडघा शे का नुसता बूट शे आत? हाई वयमां चिखलमां जातस?"

"उंचवट्यापर्यंतच," मी म्हणालो. "खुंटांच्या रांगेनं जाऊ."

"आज हवा बंद शे." त्यानं नाकानं वास घेतला. "साडेनवाले मांगे फिरा. उशीर करू नका. धुकं उनं तर मी थाळी वाजाडस. मी थाकाव नही."

त्यानं हे सहज म्हटलं. मला मात्र ते माझ्यासाठीच म्हटल्यासारखं वाटलं.

आम्ही सव्वाआठला उतरलो. चिखलावर पाय उचलून टाकायचा नसतो, सरकवायचा असतो. छायाला मी ते शिकवलं. ती दोनदा बसली आणि हसली. "काका, सुरतमध्ये राहून समुद्र बघितला नव्हता, आता तर खाल्ला पण," म्हणाली. ऊन कोवळं होतं. चिखलाला कुजक्या अंड्यांचा आणि मिठाचा वास होता. भोकाभोकांतून खेकड्यांचा बारीक कडकड आवाज येत होता, कढईत फोडणी तडतडावी तसा. निवट्या उड्या मारत पळत होत्या. बांधाजवळच्या तिवरांत एक लाल मांजा अडकलेला होता, तो दुरूनही चमकत होता. भीती वाटावी असं तिथे काही नव्हतं.

उंचवट्यावर पोचलो तेव्हा नऊ वाजत आले होते. छाया बराच वेळ समुद्राकडे बघत उभी राहिली. मग उत्तरेकडे बोट करून तिनं विचारलं, "ती काळी रेघ कसली?"

"खाडीचा ओहळ. बांधाखालच्या मोरीतून निघतो आणि तिरका समुद्राला मिळतो. वरून चिखलच दिसतो, पण पाय टाकला तर तळ नाही."

"पप्पांना माहीत होता?"

"माझ्यापेक्षा जास्त."

"मग ते तिकडे गेले कसे?"

हेमराजचा टेलिस्कोपचा तिपाई स्टँड त्या ओहळाच्या काठावर उभा सापडला होता. सरळ उभा, तीन पाय चिखलात रोवलेले. सात वर्षं सगळे हाच प्रश्न विचारत होते, आणि सात वर्षं मी मान हलवत होतो.

"धुक्यात दिशा चुकते," मी म्हणालो.

"थाळी वाजत असतानासुद्धा?"

मी खाली पाहिलं, तर माझे बूट दिसत नव्हते.

धुकं समुद्राकडून येईल अशी माझी कल्पना होती. ते चिखलातूनच वर येत होतं, आवाज न करता, दूध उतू जाण्याआधी वर चढतं तसं. घोट्यापर्यंत, मग पिंढरीपर्यंत. मी छायाचा हात धरला. "चल. लगेच."

दहा पावलं गेलो नसू, तोवर खुंट दिसेनासे झाले. आणखी दहा पावलांत बांध गेला, मचाण गेलं, मुलांचा कालवा गेला. सगळं पांढरं. तोंडात लोखंडासारखी चव आली. आणि मग थाळी सुरू झाली. लोटूचा हात लग्नातल्या वाजंत्र्यासारखा चालत होता, घाईचा, अखंड, ठणठणठणठण. मला इतकं बरं वाटलं की मी हसलोच.

"कुठून येतोय आवाज?" मी विचारलं. एका कानाच्या माणसाला आवाज ऐकू येतो, पण तो कुठून येतो ते कळत नाही. "तू सांग, मी चालतो."

"समोरून, काका. अगदी समोरून."

आम्ही समोर चालत राहिलो. किती वेळ ते सांगता येत नाही. पायाखालचा चिखल घट्ट होत चालला होता, म्हणजे आम्ही बरोबर जात होतो.

आणि थाळी थांबली.

मी लगेच घड्याळ पाहिलं. का पाहिलं, ते मला माहीत आहे. नऊ वाजून एकवीस मिनिटं.

"थकले असतील," छाया म्हणाली.

"हं."

"हात बदलत असतील."

"हं."

खेकड्यांचा कडकडाटही थांबला होता. त्या शांततेत माझ्या कानातल्या यंत्राची बारीक शिट्टी तेवढी मला ऐकू येत होती. मग तिच्याखालून आणखी एक आवाज आला. आमच्या पुढे, दहाबारा हातांवर, कोणीतरी चालत होतं. सप्... सप्... पाय उचलून टाकण्याचा नव्हे, सरकवण्याचा आवाज. चिखल ओळखणाऱ्या माणसाचा.

"लोटू?" मी हाक मारली.

पावलं थांबली. मग पुन्हा, सप्... सप्...

"काका... तुम्ही कोणाशी बोलताय?"

"ऐकू येत नाही तुला?"

तिची बोटं माझ्या बोटांत घट्ट झाली एवढं आठवतं. नऊ बावीस. नऊ तेवीस. पाण्याचा पहिला पातळ थर बुटांवरून सरकून गेला, कोणी ओलं फडकं फिरवावं तसा. भरती वळली होती. नऊ चोवीस.

नऊ पंचवीसला थाळी पुन्हा सुरू झाली.

पण तो लोटूचा हात नव्हता. तीन ठोके, मग थांबणं. तीन ठोके, मग थांबणं. एकसारखे, मोजलेले, वर्गात टेबलावर डस्टर आपटून मुलांना गप्प करावं तसे. चाळीस वर्षं मी तसंच टेबल वाजवलं आहे. तो हात माझा होता.

"डावीकडून येतोय," असं कोणीतरी म्हणालं. छायाच म्हणाली असणार. दुसरं कोण होतं तिथे?

आणि मला सगळं समजलं. हेमराजनं जे ऐकलं, ते आता मला ऐकवलं जात होतं. पहिल्यापासून, मिनिटाला मिनिट.

मी थांबलो. "तिकडे जायचं नाही," मी म्हणालो. "तिकडे ओहळ आहे."

"काका, चला ना... पाणी येतंय..."

"तो आवाज खोटा आहे, छाया. म्हणजे खरा आहे, पण... त्या दिवशी मी थाळी थांबवली होती."



बोलायला लागलो तेव्हा माझा आवाज मला दुसऱ्याचा वाटत होता. मी तिला सांगितलं की त्या सकाळी मी बांधावर थाळी वाजवत होतो आणि हेमराज धुक्यात त्या आवाजावर चालत येत होता. मध्येच मोरीच्या पलीकडे, बांधाच्या अगदी कडेला, धुक्यातून पक्ष्यांचा एक थवा उतरला. क्रॅब प्लोव्हर. काळेपांढरे, जाड चोचीचे. सुरतेच्या किनाऱ्यावर मी ते कधी पाहिले नव्हते. थाळी वाजवली असती तर ते उडाले असते. मी थाळी काखेत धरली, ओणवा होऊन मोरी ओलांडली, दोनशे पावलं उत्तरेला गेलो आणि मोजू लागलो. चार मिनिटं. मोजून झाल्यावर भान आलं आणि मी तिथेच उभा राहून थाळी वाजवायला लागलो. तिथेच, मोरीच्या पलीकडे. आधीची जागा आणि नवी जागा यांच्यामध्ये ओहळ होता. हेमराजनं आवाज ऐकला, तोंड वळवलं, आणि आवाजावर चालत आला. त्याचा माझ्यावर विश्वास होता.

"हे मी कोणाला सांगितलेलं नाही," मी म्हणालो. "तुझ्या आईलाही नाही. आणि परवा मी त्या कागदावर सही करणार होतो."

मी चिखलात बसलो की उभाच होतो, आठवत नाही. पाणी मांड्यांना लागत होतं, म्हणजे बसलो असेन. तीन ठोके आणि थांबणं, तीन ठोके आणि थांबणं. पुढची पावलं आता थबकली होती. कोणीतरी उभं राहून ऐकत होतं.

छायाचा आवाज वरून आला. फार हळू.

"किती होते?"

"काय?"

"पक्षी. किती होते?"

"...एकशे अठरा."

"नीट मोजले होते?"

"हो."

"बरं झालं," ती म्हणाली. "एक तरी हिशेब बरोबर आला."

मग तिनं माझं मनगट धरलं आणि मला उभं केलं. तिच्यात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं. ती एक शब्द न बोलता चालू लागली. माझ्या समजुतीप्रमाणे उजवीकडे, जिथून काहीच आवाज येत नव्हता तिकडे. पाणी पिंढऱ्यांना आलं, गुडघ्यांना आलं. मागून थाळी वाजत राहिली आणि हळूहळू बारीक झाली. एकदाही मला मागे बघावंसं वाटलं नाही. खरं सांगायचं तर वाटलं, पण तिनं मनगट पिरगाळून धरलं होतं. मग माझं कपाळ कशावर तरी आपटलं. तो बांधाचा दगड होता.

वर ऊन होतं. लख्ख. शाळेची मुलं एका ओळीत गप्प उभी होती आणि त्यांच्या बाई तोंडावर पदर धरून रडत होत्या. लोटूच्या हातात थाळी होती. त्याच्या उजव्या हाताची सालं निघाली होती. त्यानं मला काखेत हात घालून वर ओढलं आणि चहाच्या टपरीमागच्या बाकड्यावर बसवलं.

छाया नळावर पाय धुऊन आली. तिच्या मनगटावर लाल वळ होते. माझ्यासमोर उभी राहून तिनं फाइलमधला कागद काढला, त्याच्या चार घड्या घातल्या आणि टपरीच्या शेगडीत टाकला.

"नवा करावा लागेल," ती म्हणाली. "खरं लिहून आणा, काका. मम्मीला मी सांगणार नाही. तुम्ही सांगायचं, घरी येऊन, तिच्यासमोर बसून. ती काय करेल मला माहीत नाही."

"येईन," मी म्हणालो. मग न राहवून विचारलं, "छाया, तू मला डावीकडे नेत होतीस... मी ओढलं म्हणून..."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या बापाचे डोळे असेच होते, शांत. ते समोरच्याला सोडून द्यायचे.

"डावीकडून येतोय असं तुम्ही म्हणालात, काका," ती म्हणाली. "मी नाही." आणि रिक्षा बघायला रस्त्याकडे गेली.

लोटूनं चहाचा पेला माझ्या उजव्या हातात दिला. स्वतः समोर उकिडवा बसला. बराच वेळ तो आपल्या सालं निघालेल्या बोटांवर फुंकर घालत होता.

"तू थाळी का थांबवलीस?" मी विचारलं.

"कव्हय?"

"मध्ये. चार मिनिटं."

"मी थांबनूच नही, सर." त्यानं मचाणाकडे मान केली. "त्या बाईसले विचारा. पोरेसले विचारा. अर्धा तास हात थांबना नही मना."

"धुक्यामुळे ऐकू आलं नसेल मग."

"धुकं?" लोटू माझ्याकडे चमत्कारिक नजरेनं पाहू लागला. "धुकं कंबरइतकं व्हतं, सर. त्यानावर ऊन पडेल व्हतं. तुम्ही दोन्ही कंबरपाइन वर साफ दिसत व्हतात. म्हणूनच पोरे भ्यायनीत. आमनासमोर तुम्ही सीधा इ राह्यनात, आनी एकाएकी डावीकडे वळनात. ओहळकडे. ती पोर तुम्हले मांगे ओढे, रडे, 'काका, थाळी समोर वाजी राह्यनी' म्हणे. आठे बांधपर्यंत ऐकू ये. तुम्ही ऐकाले तयार नही. फराफरा ओढी नेत व्हतात तिले. काठ दहा हात राह्यना, तव्हय तुम्ही मटकन खाली बसनात."

मी म्हणालो, "नाही. मी तिला उलट... मी तिला तिथून बाहेर काढत होतो, लोटू."

"असाल," तो समजुतीनं म्हणाला. म्हाताऱ्या माणसाशी बोलतात तसं. "माले जे दिसनं ते सांगस."

समोर भरती चढत होती, चिखल केव्हाच पाण्याखाली गेला होता आणि त्यावर ऊन खेळत होतं. मग लोटूनं आवाज खाली घेतला. तो मराठीत बोलू लागला, स्वच्छ, जपून, साहेबांपुढे बोलतात तशा मराठीत.

"एक गोष्ट त्या पोरीला सांगितली नाही, सर. तिला तुम्ही उजव्या हातानं धरलं होतं. डावा हात तुमचा असा होता." त्यानं आपला हात पुढे केला. कोपर ताठ, मनगट खाली वाकलेलं, बोटं मिटलेली. "लहान पोराला कोणी बोट धरून नेतं ना, तसा. आणि तो असा खाली उतरता होता. पुढचा माणूस उतारावर असल्यासारखा. आधीच आत उतरून, वर हात देऊन उभा असल्यासारखा."

"माझा डावा हात जाकिटाच्या खिशात होता," मी म्हणालो. मला ते पक्कं आठवत होतं. अजूनही आठवतं.

लोटूनं माझ्या मांडीकडे बोट केलं.

डावा हात मांडीवर होता आणि त्याची मूठ मिटलेली होती. इतका वेळ मी चहा उजव्या हातानं पीत होतो, तरी हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी बोटं उघडायचा प्रयत्न केला. ती उघडेनात. लोटूनं पेला बाजूला ठेवला आणि माझं एकेक बोट धरून, जपून, मागे सारलं.

आत काही नव्हतं. डोक्यापासून पायापर्यंत मी चिखलानं आणि खाऱ्या पाण्यानं भिजलो होतो, दात वाजत होते. तेवढा तळवा मात्र कोरडा होता, स्वच्छ आणि उबदार, नुकताच कोणी हात सोडावा तसा.